वाटी

डॉक्टर बुंदेल्यांनी फिल्म खिडकीच्या काचेला धरली
आणि पेनाच्या टोपणानं दाखवलं:
ही मांडीच्या हाडाची गोटी,
ही तिची वाटी.
उजवीकडची बघा, कशी खोल आहे.
डावीकडं वाटी नाहीच म्हणा,
बशी आहे.
एक्केचाळीस वर्षं गोटी त्या बशीच्या काठावर घसरत राहिली,
काठ झिजला, गोटी चपटली,
मधली गादी तर कधीच संपली.

जन्मापासूनचं आहे, म्हणाले.

मी विचारलं,
पोटात असताना आईनं काही चिरलं तर असं होतं का?
ते हसले नाहीत.
म्हणाले, काय चिरलं होतं?

एक वांगं.

सूर्याला गिरान लागलेलं. बाप आर्वीच्या बाजारात,
घरात घड्याळ नाही, आईला सहावा महिना.
भूक लागली म्हणून विळीवर बसली,
आणि कुडाच्या फटीतून सायबाईनं पाहिलं.
पुढं मी दीड वर्षाची होऊन उभी राहिले
आणि डाव्या अंगाला कलले,
तेव्हा सायबाई एवढंच म्हणाली,
'पाह्य, वांगं.'

त्या दिवसापासून आईनं वांगं खाल्लं नाही.
आमच्याकडं, जिथं लग्नाची पंगत
वांग्याच्या भाजीशिवाय उठतच नाही,
तिथं ती पत्रावळीचा तो कोपरा
भाताखाली झाकून उठायची.
मला कधी सांगितलं नाही.
गावानं सांगितलं.

ऑपरेशनच्या वेळी मी जागी होते.
कमरेखाली मी नव्हते, कानांनी होते.
हिरव्या पडद्यापलीकडं कुणीतरी ठोकत होतं,
बाबूराव सुतार आसावर चाक बसवतो
तसं, मोजून, थांबून, परत.
त्यांनी गोटी देठासकट कापून काढली.
देठ हा शब्द माझा.
नवी वाटी धातूची, आत गुळगुळीत,
डॉक्टर म्हणाले वीस वर्षं तरी चालेल.
मी मनात बेरीज केली. एकसष्ट.
पुरे.

मग नियम.
मांडी घालायची नाही. उकिडवं बसायचं नाही.
खाली वाकून चूल नाही, विळी नाही.
वॉकर फरशीवर नीट चालायचा,
आमच्या सारवलेल्या जमिनीत त्याचे पाय रुतायचे.
नामाजीनं टायरचा दीड इंची थर लावून दिलेली
माझी डावी चप्पल
आता घातली की मी उजवीकडं पडते.
ती दाराला अटकण म्हणून ठेवलीय.
आणि आई म्हणते, तू आली तं समजतच नाही व पोरी,
आंधी फाटकापासून वळखू येत होती.

महिन्याभरानं मी दोन्ही फिल्मा अंगणात नेल्या,
आधीची, नंतरची.
उन्हाकडं धरल्या.
आईनं आधीचीवर नख फिरवलं, वरून खाली, सावकाश,
तांदूळ निवडताना फिरवते तसं.
'इथं कापल्याची खूण नाही?'
नाही.
'कुठीच?'
नाही, आई. वाटी उथळ होती, बस.
ती बराच वेळ गप्प.
कोंबडी तिच्या पायाशी आली, तिला हाकललं नाही.
मग म्हणाली,
'मंग सायबाई काहून म्हणे तसं?'

सायबाईला जाऊन नऊ वर्षं झाली होती.
कुणाला विचारणार?

परवा पुन्हा गिरान होतं.
गल्लीतली दारं लागली, पाण्यात तुळशीची पानं पडली.
आई उठली, विळी ओढली,
टोपलीतलं एक वांगं घेतलं, काटेरी देठाचं, लहान.
मी खुर्चीवर, पाय सरळ समोर, दोन्ही सारखे.
एकदा माझ्या पायांकडं पाहिलं.
चिरलं.
चार फोडी झाल्या. तिच्या बांगड्या वाजत राहिल्या,
हात थांबल्यावरही.

काही झालं नाही.
सावली सरकली, कुणाची तरी शेळी ओरडली.
फोडी मात्र तिनं शिजवल्या नाहीत,
पदरात घेऊन मागच्या दारानं गेली
आणि गाईपुढं टाकून आली.
आल्यावर हात धुतले.
दोनदा.